अँड्रॉईडचे पहिले फोन

(प्रस्तुत पाठात २००८ ते २०१० या काळात अमेरिकेत निघालेल्या अँड्रॉईड फोनांची तुलना केली आहे. कोणता फोन घ्यायचा हे तेथे ग्राहकापेक्षा सेवा देणारी कंपनी कशी ठरवीत असे, हे यातून समजते.)

मोबाइल फोन घ्यायचा म्हणजे आपल्याकडे काय करतात? दुकानात जातात. चार फोन हातात घेऊन बघतात. त्यांतला खिशाला परवडेल तो निवडतात आणि घरी येऊन त्यात आपले सिमकार्ड घालतात. सिमकार्ड कोणत्या कंपनीचे आहे, हे दुकानदार सहसा विचारतही नाही. फोन वेगळा आणि सेवा वेगळी, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की सगळ्या जगात असेच चालत असेल असे आपल्याला वाटते.

२००८ साली अमेरिकेत असे नव्हते. तेथे व्हेरायझन, ए. टी. अँड टी., स्प्रिंट आणि टी-मोबाइल अशा चार मोठ्या सेवा कंपन्या होत्या. ग्राहक आधी यांपैकी एका कंपनीच्या दुकानात जाई. ती कंपनी जे फोन विकायला ठेवी, त्यांतूनच त्याला एक निवडावा लागे. फोन स्वस्तात मिळे. पण त्याबरोबर दोन वर्षांचा करार करावा लागे. दोन वर्षे त्याच कंपनीची सेवा घ्यायची आणि दरमहा तिचे बिल भरायचे. मधेच सोडून जायचे म्हटले तर दंड.

'करार' हा शब्द तुम्हांला ओळखीचा आहे. पडदा, किंमत, बाजार यांच्यासारखाच तो फारसी-अरबीतून मराठीत आला आणि उर्दूतही आहे. उर्दूत मात्र 'करार' म्हणजे मनाची स्वस्थताही होते. अमेरिकेतल्या ग्राहकाला या कराराने किती स्वस्थता मिळत होती, ते आता पाहू.

त्या काळात अँड्रॉईडचा जन्म झाला. अँड्रॉईड हे फोनचे नाव नव्हे. फोन चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचे, म्हणजे मूळ प्रणालीचे ते नाव आहे. गाडी असली, चाके असली, बैल असले, तरी हाकणारा लागतोच. फोनमध्ये हाकण्याचे काम ही प्रणाली करते. २००३ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे अँडी रुबिन, रिच मायनर, निक सीअर्स आणि ख्रिस व्हाइट या चौघांनी अँड्रॉईड नावाची लहानशी कंपनी काढली. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यांच्या डोक्यात फोन नव्हता, कॅमेरा होता. २००५ साली गूगलने ही कंपनी विकत घेतली. पुढे ५ नोव्हेंबर २००७ रोजी चौतीस कंपन्यांचा एक संघ जाहीर झाला. त्यात एचटीसी, मोटोरोला, सॅमसंग, एलजी असे फोन बनवणारे होते. अमेरिकेतल्या सेवा कंपन्यांपैकी टी-मोबाइल आणि स्प्रिंट होत्या. व्हेरायझन आणि ए. टी. अँड टी. या दोन थोरल्या कंपन्या मात्र तेव्हा बाहेरच राहिल्या.

त्याच वर्षी जून महिन्यात ॲपल कंपनीचा आयफोन बाजारात आला होता. आयफोनचा एकच चेहरा होता आणि अमेरिकेत तो फक्त ए. टी. अँड टी.कडे मिळे. गूगलने उलटा मार्ग धरला. अँड्रॉईड प्रणाली कोणीही न्यावी, आपल्या फोनात बसवावी, हवे तसे बदल करावेत, तिचे पैसे पडणार नाहीत. हे 'हवे तसे बदल' म्हणजे अँड्रॉईडचे मोठे बळ आणि मोठी डोकेदुखीही.

पहिला फोन टी-मोबाइलने आणला. त्याचे नाव जी-वन. तैवानच्या एचटीसी कंपनीने तो बनवला होता. २३ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो दाखवण्यात आला आणि २२ ऑक्टोबरपासून अमेरिकेत विकायला निघाला.

आजच्या फोनशेजारी जी-वन ठेवला तर तुम्हांला हसू येईल. पडदा जेमतेम ३.२ इंचांचा. तो बाजूला सरकवला की खाली पाच ओळींचा कळफलक दिसे. कळफलक म्हणजे कीबोर्ड. त्यात इंग्रजी अक्षरांची खरीखुरी बटणे होती. ती नुसती हौस नव्हती. पडद्यावर उमटणारा कळफलक अँड्रॉईडमध्ये तोपर्यंत आलाच नव्हता. तो एप्रिल २००९ मधल्या १.५ या आवृत्तीबरोबर आला. म्हणजे पहिले सहा महिने एक शब्द लिहायचा तरी पडदा सरकवून फोन आडवा धरावा लागे. पडद्याखाली वाटाण्याएवढा एक गोळा होता. तो बोटाने फिरवून पडद्यावर हवे तिथे जाता येई. चित्रफीत घेण्याची सोय सुरुवातीला नव्हती. इअरफोनसाठी नेहमीचे गोल छिद्रही नव्हते. चार्जर आणि इअरफोन दोन्ही एकाच जागी लावायचे, त्यामुळे गाणी ऐकताना फोन चार्ज करायचा तर वेगळे जोडणे आणावे लागे.

असे असूनही जी-वनच्या पडद्यावर काही गोष्टी अशा होत्या, की त्या आजतागायत टिकल्या आहेत. पडद्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवून खाली ओढा. आलेले निरोप, चुकलेले फोन, पत्रे, सगळे एका यादीत दिसते. ही खाली ओढायची पट्टी पहिल्या दिवसापासून अँड्रॉईडमध्ये होती. आयफोनला तशी सोय २०११ साली मिळाली. नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवून फोन उघडण्याचे कुलूपही जी-वनवर होते. माझ्या मते जी-वन दिसायला ओबडधोबड होता, पण त्याचे डोके त्याच्या रूपापेक्षा पुढे होते.

आता पैशांकडे वळू. जी-वनची किंमत करारासह १७९ डॉलर होती. त्या वेळच्या दराने सुमारे पावणेनऊ हजार रुपये. करार नको असेल तर ३९९ डॉलर. पहिली किंमत ऐकायला गोड वाटते. पण इंटरनेटची सर्वांत स्वस्त योजनाच महिना २५ डॉलरांची होती. दोन वर्षांचे महिने चोवीस. चोवीस गुणिले पंचवीस म्हणजे ६०० डॉलर, आणि बोलण्याचे पैसे त्याहून वेगळे. फोनपेक्षा सेवाच कितीतरी महाग पडत होती. कंपनीला फोनवर सूट देणे का परवडे, हे यावरून कळेल.

जी-वननंतर वर्षभरात फोन बनवणाऱ्यांनी अँड्रॉईडला आपापले कपडे चढवायला सुरुवात केली. त्यात पहिले नाव घ्यायला हवे एचटीसीच्या 'हिरो' या फोनाचे. तो जून २००९ मध्ये जाहीर झाला आणि अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये स्प्रिंटकडे आला. हिरोवर एचटीसीने 'सेन्स' नावाची स्वतःची मांडणी बसवली होती. उघडताच पडद्यावर मोठे घड्याळ आणि त्याखाली हवामान. डावी-उजवीकडे सरकवले की एकूण सात पडदे. एका पडद्यावर निरोप, एकावर माणसांचे फोटो, एकावर गाणी. ऑफिसच्या दिवसासाठी एक मांडणी आणि प्रवासासाठी दुसरी, अशीही सोय होती. गूगलच्या साध्या मांडणीपुढे हिरोचा पडदा सणाच्या दिवशी सारवून रांगोळी घातलेल्या अंगणासारखा दिसे.

पण या रांगोळीचीही एक किंमत होती. गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये अँड्रॉईडची १.६ ही आवृत्ती काढली, ऑक्टोबरमध्ये २.० काढली, जानेवारी २०१० मध्ये २.१ काढली. हिरो मात्र १.५ वरच बसून राहिला. कारण नवी आवृत्ती आली की एचटीसीने तिच्यावर पुन्हा आपली मांडणी चढवायची, मग सेवा कंपनीने ती तपासायची, मग कुठे ती ग्राहकाला मिळायची. स्प्रिंटच्या हिरोला २.१ ही आवृत्ती मिळायला २०१० चा मध्य उजाडला. ग्राहकाने पैसे मोजले होते, फोन त्याचा होता, पण फोनातली प्रणाली केव्हा बदलायची हे त्याच्या हातात नव्हते.

मोटोरोलाने वेगळी वाट काढली. नोव्हेंबर २००९ मध्ये टी-मोबाइलवर आलेल्या तिच्या 'क्लिक' या फोनात 'मोटोब्लर' नावाची मांडणी होती. फेसबुक, ट्विटर, मायस्पेस यांवरचे मित्रांचे निरोप आपोआप मुख्य पडद्यावर येऊन पडत. कल्पना चांगली, पण पडद्यावर बाजारातली गर्दी होई, आणि फोनच्या अंगातली शक्ती तर बेताचीच.

याच महिन्यात अँड्रॉईडचे नशीब खऱ्या अर्थाने उघडले. व्हेरायझनकडे आयफोन नव्हता. ए. टी. अँड टी.कडे तो होता आणि ग्राहक तिकडे ओढले जात होते. व्हेरायझनला त्याच्या तोडीचा फोन हवा होता. मोटोरोलाने तो बनवला आणि ६ नोव्हेंबर २००९ रोजी 'ड्रॉईड' नावाने तो विक्रीस आला. 'ड्रॉईड' हे नाव वापरण्यासाठी चित्रपट बनवणाऱ्या लुकासफिल्म या कंपनीची परवानगी घ्यावी लागली. करारासह किंमत १९९ डॉलर ९९ सेंट. पडदा ३.७ इंचांचा आणि फार स्पष्ट. सरकणारा कळफलक होताच. अंगावर कोणत्याही कंपनीचे कपडे नव्हते. गूगलची साधी मांडणी, तीही त्या वेळी नव्या असलेल्या २.० आवृत्तीची.

ड्रॉईडमध्ये नकाशा बोलत असे. 'पुढच्या चौकात उजवीकडे वळा,' असे तो चालकाला सांगे, आणि याचे वेगळे पैसे नव्हते. त्याआधी गाडीत रस्ता दाखवणारे यंत्र वेगळे विकत घ्यावे लागे. गूगलने ही सोय २८ ऑक्टोबर २००९ रोजी जाहीर केली, त्याच दिवशी अशी यंत्रे बनवणाऱ्या गार्मिन आणि टॉमटॉम या कंपन्यांच्या समभागांचे भाव गडगडले. एका फोनातल्या एका सोयीने दुसऱ्या धंद्याच्या पोटावर पाय आला.

ड्रॉईडबरोबरच त्याच दिवशी व्हेरायझनने एचटीसीचा 'ड्रॉईड एरिस' ९९ डॉलर ९९ सेंटांना आणला. नावे सारखी, पण एरिस म्हणजे जवळजवळ हिरोच. वर सेन्सची मांडणी, आत जुनी १.५ आवृत्ती. नुसत्या नावावर भुलून फोन घेणाऱ्याची येथे फसगत होण्याजोगी होती.

आणखी एक गोष्ट. १५ नोव्हेंबर २००९ पासून व्हेरायझनने अशा फोनांसाठी करार मोडण्याचा दंड वाढवून ३५० डॉलर केला. आधीच्या दंडाच्या तो दुप्पट होता. दर महिन्याला त्यातून १० डॉलर कमी होत. तेवीस महिने प्रामाणिकपणे बिल भरून शेवटच्या महिन्यात करार मोडला, तरी १२० डॉलर द्यावेच लागत. अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार आयोगाने याबद्दल कंपनीकडे खुलासा मागितला.

तुम्ही म्हणाल, दंड भरला आणि तोच फोन घेऊन दुसऱ्या कंपनीकडे गेले तर? येथे दुसरी अडचण होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. व्हेरायझन आणि स्प्रिंट यांची यंत्रणा सीडीएमए नावाच्या तंत्रावर चाले. त्यांच्या त्या वेळच्या फोनांत सिमकार्डच नसे. ग्राहकाची नोंद फोनच्या क्रमांकावरच होई. ए. टी. अँड टी. आणि टी-मोबाइल यांची यंत्रणा जीएसएम या तंत्राची, म्हणजे सिमकार्डाची. तेव्हा ड्रॉईड घेऊन टी-मोबाइलकडे जाणे शक्यच नव्हते. मग निदान टी-मोबाइलचा फोन ए. टी. अँड टी.कडे नेता येईल? नेता येई, पण अर्धवट. दोघींच्या थ्रीजी सेवेच्या लहरी वेगवेगळ्या होत्या. ए. टी. अँड टी.ची थ्रीजी ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झ लहरींवर चाले, तर टी-मोबाइलची १७०० आणि २१०० वर. जी-वनचे कुलूप काढून त्यात ए. टी. अँड टी.चे सिम घातले, तर बोलणे होई, पण इंटरनेट जुन्या मंद गतीनेच चाले. शेजारच्या दोन गावांत रेल्वेच्या रुळांची रुंदी वेगळी असावी, तशी ही स्थिती होती.

हा सगळा गुंता गूगललाही दिसत होता. तो सोडवण्यासाठी ५ जानेवारी २०१० रोजी गूगलने 'नेक्सस वन' हा फोन स्वतःच्या नावाने काढला. बनवला एचटीसीने, पण वर सेन्स नव्हते. तो कोणत्याच सेवा कंपनीच्या दुकानात ठेवला नाही. फक्त इंटरनेटवरून मागवायचा. कुलूप नसलेल्या फोनची किंमत ५२९ डॉलर. टी-मोबाइलशी दोन वर्षांचा करार केला तर १७९ डॉलर.

येथे जरा हिशेब करून पाहा. करारामुळे फोनवर ३५० डॉलर वाचत. पण कराराची योजना महिना ७९ डॉलर ९९ सेंटांची होती, आणि तशाच सोयींची बिनकराराची योजना त्याहून २० डॉलरांनी स्वस्त होती. चोवीस महिन्यांत हे ४८० डॉलर होतात. म्हणजे महाग दिसणारा फोन दोन वर्षांत १३० डॉलरांनी स्वस्त पडत होता! तरीही बहुतेक लोक ५२९ हा आकडा पाहूनच मागे सरत. एकदम मोठी रक्कम काढणे जड जाते. थोडी थोडी जात राहिली तर कळत नाही. आपल्याकडे हप्त्याने वस्तू घेणाऱ्यांना हे सांगायला नको.

नेक्सस वन चांगला असून चालला नाही. ग्राहकाला तो हातात घेऊन बघता येत नसे. बिघडला तर विचारायचे कोणाला, गूगलला, एचटीसीला की टी-मोबाइलला, हेही कळेना. पहिल्या नेक्सस वनवर ए. टी. अँड टी.ची थ्रीजी चालत नव्हती, म्हणून मार्चमध्ये तिच्यासाठी वेगळा फोन काढावा लागला. व्हेरायझन आणि स्प्रिंटसाठीही तो येणार असे सांगितले होते. ते बेत वसंत ऋतूतच मोडले. व्हेरायझनने त्याऐवजी सेन्स असलेला एचटीसीचा 'इन्क्रेडिबल' घेतला. २०१० च्या जुलैत गूगलने आपले दुकान आवरते घेतले. सेवा कंपन्यांना बाजूला सारून फोन विकण्याचा हा प्रयत्न होता. तो फसला, याचे मला आजही वाईट वाटते.

सेवा कंपन्या फोनच्या आत कुठवर हात घालत, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ए. टी. अँड टी.चा पहिला अँड्रॉईड फोन. मार्च २०१० मध्ये आलेल्या मोटोरोलाच्या या 'बॅकफ्लिप'चा कळफलक पुस्तकाच्या पानासारखा मागे उलटत असे. वर मोटोब्लर, आत जुनी १.५ आवृत्ती. पण नवलाची गोष्ट पुढेच आहे. अँड्रॉईड ही गूगलची प्रणाली. तरी या फोनात शोध घ्यायला गूगल नव्हते, याहू होते! शिवाय गूगलच्या बाजाराबाहेरून कोणताही कार्यक्रम आणून फोनात घालण्याची वाट कंपनीने बंद करून टाकली होती. प्रणाली 'खुली' म्हणून गाजलेली आणि फोनच्या दाराला कुलूप. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हेरायझनने सॅमसंगच्या एका फोनात शोधासाठी मायक्रोसॉफ्टचे बिंग बसवले.

सॅमसंगचा तो फोन म्हणजे 'गॅलॅक्सी एस'. बहुतेक देशांत त्याचे एकच नाव होते, अमेरिकेतल्या चार मोठ्या कंपन्यांकडे मात्र चार. ए. टी. अँड टी.कडे 'कॅप्टिव्हेट', टी-मोबाइलकडे 'व्हायब्रंट', व्हेरायझनकडे 'फॅसिनेट' आणि स्प्रिंटकडे 'एपिक'. पडदा तोच, चारींवर सॅमसंगची 'टचविझ' नावाचीच मांडणी. पण एपिकला सरकणारा कळफलक होता, बाकीच्यांना नव्हता. फॅसिनेटच्या कॅमेऱ्याला दिवा होता, व्हायब्रंटच्या नव्हता. व्हायब्रंटमध्ये 'अवतार' हा चित्रपट आधीच भरून मिळे. एकाच घरच्या चार बहिणी चार घरी द्याव्यात आणि सासरी त्यांची नावे बदलावीत, तसे हे झाले.

स्प्रिंटचाच जून २०१० मधला 'इव्हो' हा एचटीसीचा फोन ४.३ इंचांच्या मोठ्या पडद्यामुळे गाजला. वायमॅक्स तंत्राची जलद सेवा त्यावर मिळे, म्हणून ग्राहकाला महिना १० डॉलर जादा द्यावे लागत. ज्यांच्या शहरात ती सेवा पोचलेलीच नव्हती, त्यांनाही ते चुकत नसत.

आपल्या देशात काय चालले होते? भारतात अँड्रॉईड फोन २००९ साली आला. एअरटेलने एचटीसीचा 'मॅजिक' आणला. किंमत जवळजवळ तीस हजार रुपये. सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. त्यातून थ्रीजी सेवा तेव्हा फक्त सरकारी कंपन्यांकडे होती. खासगी कंपन्यांसाठी लहरींचा लिलाव २०१० च्या एप्रिल-मेमध्ये झाला आणि त्यांची सेवा त्या वर्षाच्या अखेरीस सुरू होऊ लागली. म्हणजे इतका महाग फोन घेऊनही इंटरनेट मुंगीच्या चालीनेच. पण एक सुख होते. फोन आणि सेवा यांची आपल्याकडे अमेरिकेसारखी घट्ट गाठ नव्हती. अपवाद होता तो सीडीएमए फोनांचा. २००३ साली रिलायन्सने सुरुवातीला अवघे ५०१ रुपये घेऊन फोन दिले, तेव्हा ते घ्यायला लोकांची झुंबड उडाली होती. त्या फोनांत दुसऱ्या कंपनीची सेवा चालत नसे. आपला क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून झाली. अमेरिकेत ही एक सोय मात्र २००३ पासूनच होती.

तिकडचा गुंता हळूहळू सुटत गेला. करारातला आपला फोन कुलूप काढून दुसरीकडे नेण्याचा हक्क ग्राहकाला देणारा कायदा अमेरिकेत ऑगस्ट २०१४ मध्ये झाला. २०२० साली स्प्रिंट टी-मोबाइलमध्ये विलीन झाली. २०२२ साली स्प्रिंट आणि व्हेरायझन या दोघींच्या जुन्या सीडीएमए यंत्रणा बंद पडल्या.

एका बाबतीत मात्र हे सगळे फोन आपल्यासाठी सारखेच होते. जी-वन घ्या, हिरो घ्या की ड्रॉईड घ्या, त्यांच्यावर मराठी मजकूर उघडला तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. ज्या पडद्यावर एवढे निरोप, नकाशे, चित्रे मावत होती, त्यावर 'अ' मावत नव्हता. उर्दूची स्थितीही बरी नव्हती. उजवीकडून डावीकडे वाचायच्या भाषांसाठी पडद्याची सारी मांडणी उलटी करावी लागते. ती सोय अँड्रॉईडमध्ये ४.२ या आवृत्तीबरोबर २०१२ साली आली. फोनातल्या सूचना मराठीत वाचण्याची सोय ५.० या आवृत्तीबरोबर, २०१४ साली. उर्दू वर्तमानपत्रे ज्या नस्तालीक वळणाने छापली जातात, ते वळण तर आजही अनेक फोनांवर आपोआप दिसत नाही. तेथे नस्ख वळणावरच भागवावे लागते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अँड्रॉईड कंपनी गूगलने कोणत्या साली विकत घेतली?
(आ) जी-वन हा फोन कोणत्या सेवा कंपनीने आणला?
(इ) 'बॅकफ्लिप' फोनात शोध घेण्यासाठी काय बसवले होते?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हिरो या फोनाला नवी आवृत्ती मिळायला उशीर का झाला?
(आ) जी-वन हा फोन ए. टी. अँड टी.कडे नेला तर कोणती अडचण येई?
(इ) नेक्सस वन हा फोन का चालला नाही?

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
अंगवळणी पडणे, पोटावर पाय येणे, झुंबड उडणे, आवाक्याबाहेर असणे.

४. पाठात आलेले व उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा. त्यांचा मराठीतील व उर्दूतील अर्थ सारखाच आहे का ते पाहा.

५. घरातील एखादा फोन घेऊन त्यावर मराठी आणि उर्दू मजकूर उघडा. अक्षरे कशी दिसतात ते पाहून पाच वाक्ये लिहा.